दुसरं कनेक्शन कशाला?



मुरबाडच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच मुलाचं हिशेबाचं ऑफिस आहे. तिथे कॉम्प्युटर पाच, सूनबाईचा सहावा. राउटरला कॉम्प्युटर जोडायची भोकं चारच, म्हणून चिरंजीव दुसरं कनेक्शन घ्यायला निघाले. मी जुनी बी.कॉम. दरमहा नवं बिल म्हटलं की माझा हात पेन्सिलीकडे जातो.

शहापूरहून भाचा आला होता. तो म्हणाला, "मामी, ८ पोर्टचा स्विच आणा." विजेच्या एक्स्टेंशन बोर्डासारखंच ते. राउटरची एक वायर त्यात, उरलेल्या सात जागा आपल्या. खर्च एकदाच. स्पीड सगळ्यांत वाटला जातो खरा, पण टॅलीला आणि रिटर्न भरायला कितीसा लागतो? वायर कॅट ६ घेतली. ती १०० मीटरपर्यंत चालते. फक्त विजेच्या वायरीला चिकटून ओढू नये.

मग आली २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. धो धो पाऊस, लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, राउटरही. मोबाइलवर वायफाय छान, कॉम्प्युटरवर मात्र नेट नाही! "तरी म्हणत होतो, दुसरं कनेक्शन घेऊ," चिरंजीव सुरू. सगळे राउटरकडेच बघत होते. मी टेबलाखाली वाकले, तर स्विचचा दिवा बंद. त्याचा प्लग साध्या बोर्डात होता! तो इन्व्हर्टरच्या बोर्डात लावला आणि रिटर्न वेळेत गेलं.

आता त्या प्लगला मी लाल टिकली चिकटवली आहे. केर काढताना कोणी उपटत नाही.