गाठ फोडून माल पाहतो, मग घर का नाही?

सोलापुरात कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाला नुसते लेबल पाहून माल घ्यायला सांगा, तो हसेल. चादरीची गाठ आली की आपण ती फोडतो, मधली चादर ओढून काढतो, वजन करतो, भिंग लावून धागे मोजतो, ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग घासून पाहतो. पण तोच व्यापारी भाड्याने देण्यासाठी लाखो रुपयांचे घर घेतो, तेव्हा दलालाबरोबर पंधरा मिनिटे फिरतो, फरशी आणि रंग पाहतो आणि इसार देऊन मोकळा होतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच चार शब्द लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी दुकानातून शिल्लक पडलेल्या पैशात मी एक जुने दुमजली घर घेतले. उन्हाळ्याचे दिवस होते, घर नुकतेच रंगवलेले होते. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या खोलीचे छत गळू लागले. दुरुस्ती एका ठेकेदाराला दिली. माणूस ओळखीचा, म्हणून काही लिहून घेतले नाही आणि निम्म्याहून जास्त रक्कम अगोदरच दिली. त्याने गच्चीवर सिमेंटचा एक थर ओढला आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात छत पुन्हा गळले. भाडेकरू सोडून गेला, खाली ठेवलेल्या टॉवेलच्या गाठींना बुरशी लागली. दोष ठेकेदाराचा होताच, पण जास्त दोष माझा.

आपण कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेतो, ते योग्यच आहे. पण भिंती कोणाकडून तपासतो? इसार देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. त्याची फी पुढच्या दुरुस्तीच्या मानाने काहीच नाही. शक्य असेल तर घर पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात पाहायचे झाल्यास छताचे कोपरे, संडास-मोरीच्या मागची भिंत आणि कपाटाच्या आतली बाजू पाहावी, कारण रंगवाला तिथे सहसा पोहोचत नाही. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारावे.

आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत गेला नसेल तर घर हलते. गिलाव्यातील केसासारख्या बारीक रेघांची फारशी चिंता नको, पण खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली रुंद भेग पायाची तक्रार सांगत असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आमच्या पिढीला आठवतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशा घरांखाली हजारो माणसे दबली. आपल्या जुन्या पेठांत तशी बांधणी अजून आहे. असे घर घेऊन वर आणखी एक मजला चढवण्याचा बेत असेल, तर इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय एक वीटही ठेवू नये. पाण्याचा हौदही उघडून पाहावा. नळाला चार-चार दिवस पाणी न आलेली वर्षे सोलापूरकर विसरलेला नाही, आणि गळक्या हौदाच्या घरात भाडेकरू टिकत नाही.

आता ठेकेदाराविषयी. तो दाखवील ते नवे काम पाहू नका. त्याने तीन वर्षांपूर्वी केलेले काम पाहा आणि त्या घरमालकाशी बोला. दर ठरवताना मोजमाप कसे होणार, माल कोणाचा, मजुरी किती, काम किती दिवसांत, हे सारे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सळई आपण चादरीसारखीच वजन करून घ्यावी. १२ मिलिमीटर जाडीची सळई मीटरला साधारण ८९० ग्रॅम भरते. फार कमी भरली तर माल परत. सिमेंटच्या पोत्यावरील तारीख वाचावी. स्लॅब टाकल्यावर आपल्यासारख्या कडक उन्हाच्या गावी किमान १० दिवस तो सतत ओला राहिला पाहिजे. ठेकेदाराची माणसे दोन दिवस पाणी मारतात आणि जातात, म्हणून ही जबाबदारीही कागदावर असावी.

पैसे मात्र कामाच्या मागे चालावेत, पुढे नाही. जेवढे काम झाले तेवढेच बिल द्यावे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा आणि ही अट सुरुवातीलाच सांगावी. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. आपण स्वतः लावलेल्या ठेकेदाराकडून मात्र आपल्या हाती असतो तो आपला करार आणि राखलेली रक्कम.

काही जण म्हणतात, ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. मला हे पटत नाही. मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. माझा तो ठेकेदार पूर्वी ईदला घरी येत असे. आता बाजारात समोर दिसला तरी आम्ही दोघेही नजर चुकवतो. एक कागद केला असता तर छत वाचले असते आणि दोस्तीही.