वाकड्या घराचं छप्पर



मागच्या आठवड्यात चौथीच्या मुलांना इंग्लंडमधल्या स्टोनीवेल या घराचं चित्र दाखवलं. पहिलाच प्रश्न आला, "सर, गवंडी चुकला का?"

प्रश्न रास्त होता. लेस्टरशायरमधलं हे दगडी घर वास्तुरचनाकार अर्नेस्ट गिम्सन यांनी १८९९ मध्ये आपला भाऊ सिडनी यांच्यासाठी पूर्ण केलं. उन्हाळ्यात राहायला. आपण असतो तर आधी कातळ फोडून जागा सपाट केली असती. त्यांनी घरच कातळाच्या कलाने वळवलं. म्हणून भिंती वाकड्या, खोल्या वरखाली, मधेच पायऱ्या.

१८८४ मध्ये विल्यम मॉरिस लेस्टरला व्याख्यानाला आले, तेव्हा अर्नेस्ट १९ वर्षांचे होते. कारागिराच्या हाताला मान देणारी मॉरिस यांची 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' विचारसरणी त्यांनी आयुष्यभर धरली. गंमत बघा, गिम्सन कुटुंबाचा व्यवसाय मात्र यंत्रांच्या कारखान्याचा! हातकामाच्या या घरामागचा पैसा यंत्रांचा होता, हेही मुलांना सांगायला हवं. नाहीतर इतिहास नुसता गोडगोड होतो.

आता माझा मुद्दा. या घराचं छप्पर मूळचं गवताचं. पुढे ते आगीत जळालं आणि त्याजागी तिथल्याच स्लेटचं छप्पर आलं. स्लेट म्हणजे आपल्या जुन्या पाटीचा दगड. नंतर घर नॅशनल ट्रस्टकडे गेलं आणि २०१५ मध्ये लोकांसाठी उघडलं. छप्पर आजही स्लेटचंच आहे.

काहींना वाटेल, जतन करायचं तर मूळचं गवत परत घाला. मला नाही पटत. मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती याच वृत्तीविरुद्ध. जुनी इमारत खरवडून "पहिल्यासारखी" करू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, असं त्यांचं म्हणणं. आग लागली हाही त्या घराचा इतिहासच ना? आज गवत घातलं तर ती खूण पुसली जाईल. शिवाय त्या छपराखाली घरातली माणसं कितीतरी वर्षं राहिली आहेत.

जतन म्हणजे रंगरंगोटी, अशी आपली समजूत झालीये. म्हणून वर्गात मी मत सांगितलं नाही, हात वर करायला लावले. गवत अकरा, स्लेट चौदा. एक मुलगी म्हणाली, "सर, गवताला परत आग लागली तर?"

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.