ससा जागा राहिला असता तर?

ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट ऐकली नाही, असा मुलगा किंवा अशी मुलगी महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. ससा वाटेत झोपला, कासव सावकाश पण न थांबता चालत राहिले आणि अखेर जिंकले. सातत्याचा महिमा पटवून देण्यासाठी ही गोष्ट सांगतात आणि तो महिमा खराच आहे. परंतु या गोष्टीत एक अडचण आहे. कासवाचा विजय त्याच्या श्रमांपेक्षा सशाच्या झोपेवर अधिक अवलंबून आहे. ससा जागा राहिला असता तर कासवाने कितीही कष्ट केले असते, तरी त्याच्या वाट्याला पराभवच आला असता. मग त्या कष्टांची किंमत काय?

हा प्रश्न केवळ गोष्टीतला नव्हे. शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत तो दरवर्षी उभा राहतो. शिट्टी वाजण्यापूर्वीच पहिला कोण येणार हे सर्वांना ठाऊक असते. चार-पाच चपळ मुले जीव तोडून धावतात आणि बाकीची त्यांच्या पाठी पाहत कशीबशी शर्यत पुरी करतात. पुढल्या वर्षी त्यांतील पुष्कळजण धावतच नाहीत. मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवतात. ज्यांना धावण्याची सर्वांत अधिक गरज, नेमके तेच धावणे सोडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

या अडचणीवर धावपटूंच्या मंडळांनी एक उपाय शोधून ठेवला आहे. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील अनेक मंडळे 'हँडिकॅप' शर्यती भरवतात. आपण तिला 'सुटीची' म्हटले तर मुले शाळेच्या सुट्टीचा विचार करतील. म्हणून 'सवलतीची शर्यत' म्हणू. काही मंडळे हिवाळ्यात अशा शर्यती ठेवतात आणि त्यांतून जमलेला पैसा एखाद्या सत्कार्याला देतात.

सवलतीचा हिशेब सोपा आहे. समजा, पाच किलोमीटर धावण्यास सदूला २० मिनिटे लागतात, शालिनीला २५ आणि इब्राहिमला ३०. इब्राहिम सकाळी ठीक सात वाजता निघेल, शालिनी सात वाजून पाच मिनिटांनी आणि सदू सात वाजून दहा मिनिटांनी. तिघेही नेहमीच्याच वेगाने धावले, तर साडेसातला एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर पोहोचतील. पण शालिनीने त्या दिवशी नेटाने धावून एक मिनिट वाचवले, तर ती एकोणतिसाव्या मिनिटाला पोहोचेल आणि पहिली येईल. म्हणजे या शर्यतीत जो दुसऱ्याहून वेगवान तो जिंकत नाही. जो कालच्या स्वतःहून वेगवान, तो जिंकतो. येथे ससा जागा असला तरी कासवाला आशा असते.

कोणी म्हणेल, हा तर 'कच्चा लिंबू' झाला! आपल्या खेळांत धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात, हे तुम्ही जाणताच. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. परंतु नीट विचार करा. कच्चा लिंबू जसा हरत नाही, तसा जिंकतही नाही. कारण तो मुळी हिशेबातच धरलेला नसतो. आपण त्याच्यावर दया करतो. सवलतीच्या शर्यतीत मंद धावणारा पूर्णपणे हिशेबात असतो. तो खरोखर जिंकू शकतो आणि आळस केला तर खरोखर हरूही शकतो. दया आणि न्याय यांतील फरक तो हाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "सदू रोज पहाटे उठून सराव करतो. त्याने दहा मिनिटे ताटकळत उभे राहावे, हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय?" सवलतीची शर्यत हीच एकमेव शर्यत असती, तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. सर्वांत वेगवान कोण हे ठरवणारी शर्यत असावीच; तिचे पदक सदूच्याच गळ्यात पडावे. माझे म्हणणे एवढेच की, तिच्या जोडीला ही दुसरीही असावी. शिवाय हिच्यात सदूचाही लाभ आहे. नेहमीच्या शर्यतीत त्याच्यापुढे कोणी नसतेच. येथे मात्र सारी शाळा त्याच्यापुढे असते आणि एकेकाला गाठताना त्याचा खरा कस लागतो. ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल या गावी १८७८ साली सुरू झालेली सवलतीची एक शर्यत प्रसिद्ध आहे. आज ती १२० मीटरांची असते आणि मंद धावपटूंना काही मीटर पुढून धावू देतात. सर्वांच्या मागून, कोणतीही सवलत न घेता ती जिंकणे फार दुर्मिळ. १९७५ साली मादागास्कर बेटाचा जाँ-लुई रावेलोमानांत्सोआ याने आणि २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ रॉस याने तो पराक्रम केला. सवलत इतरांना होती म्हणूनच त्यांचे यश अधिक झळकले.

या शर्यतीत एका दोषाला मात्र वाव आहे. मोठी सवलत मिळावी म्हणून एखादा आधीच्या चाचणीत मुद्दाम हळू धावेल. अशा लबाडीला आळा घालण्यासाठी मंडळे मागील सर्व वेळा लिहून ठेवतात आणि जो सुधारतो त्याची सवलत पुढल्या वेळी कमी करतात. परंतु कोणताही नियम माणसाच्या मनात शिरून पाहू शकत नाही. येथे प्रामाणिकपणा हाच खरा पंच. म्हणून मला वाटते की, ही शर्यत पायांइतकीच मनाचीही परीक्षा घेते. आपली सवलत कमी झाली म्हणून रुसू नये, उलट अभिमान बाळगावा. कारण सवलत कमी होणे म्हणजे आपण वाढलो याची पावतीच होय.

आता सत्कार्याचा या शर्यतीशी काय संबंध, ते पाहू. जो न्याय धावण्याला, तोच देण्याला लावता येतो. लंका गाठण्यासाठी सेतू बांधला जात असताना खारीनेही आपला वाटा उचलला, असे आपल्याकडे सांगतात. तिचे वाळूचे कण मारुतीच्या शिळेशी तोलायचे नसतात. तिच्या स्वतःच्या बळाशी तोलायचे असतात. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळे १९७७ साली कापावा लागला. १९८० साली तो कृत्रिम पायाने देश ओलांडण्यास निघाला आणि दररोज सुमारे ४२ किलोमीटर धावू लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. १९८१ च्या फेब्रुवारीत निधी २ कोटी ४० लाख डॉलरांच्या पुढे गेला. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. वेगाच्या तराजूत त्याची धाव तोलण्याचे धाडस कोण करील?

थेंबे थेंबे तळे साचवण्याची ही रीत आपल्यालाही नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैशापैशाने पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर येथे 'पैसा फंड' हे नाव धारण करणारी शाळा आजही आहे. मुंबईत २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन भरते. तीत धावणारे अनेकजण सामाजिक संस्थांसाठी निधी जमवतात. खुद्द रत्नागिरीतही २०२४ च्या जानेवारीत कोकण कोस्टल मॅरेथॉन झाली. धावण्याची हौस आपल्या गावात आली आहे. आता तिला सवलतीच्या न्यायाची आणि दानाची जोड मिळावी.

म्हणून माझी सूचना अशी. मार्गशीर्ष-पौषात, आंब्याला मोहोर येऊ लागतो आणि सकाळची हवा सुखद असते, अशा वेळी रत्नागिरीतील शाळांनी भाट्याच्या किनाऱ्यावर सवलतीची शर्यत भरवावी. ओहोटीची वेळ पाहून दिवस ठरवावा. कारण तेव्हा पुळण रुंद होते आणि ओली वाळू पायाखाली घट्ट लागते. प्रत्येकाची सवलत फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहावी. धावणाऱ्याने आपल्या खाऊच्या पैशांतून जमेल तेवढी रक्कम बंद पाकिटात आणावी आणि कोणी किती दिले हे जाहीर करू नये. सवलत उघड असावी, दान मात्र झाकलेले असावे. जमलेल्या पैशांतून दूरच्या वाड्यांवरून डोंगर उतरून पायी शाळेत येणाऱ्या मुलांसाठी छत्र्या, पादत्राणे, जमल्यास एखादी सायकल घ्यावी. ही मुले रोज किती मैल तुडवतात, याचाही हिशेब त्या निमित्ताने आपल्याला होईल.

आयुष्यात आपण सारे एकाच रेषेवरून निघत नाही. कोणाला घरी पुस्तके असतात, कोणाला दिवाही नसतो. कोणाचे शरीर दणकट, तर कोणाचे जन्मतः नाजूक. हे अंतर आपण एका दिवसात पुसू शकत नाही. पण ते आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करणे आणि माणसाचे मोल तो कोठे पोहोचला यापेक्षा कोठून निघाला हे पाहून ठरवणे आपल्या हाती आहे. धावण्याच्या मैदानावर ही दृष्टी ज्याला लाभली, तो मैदानाबाहेरही कोणाला कमी लेखणार नाही.