फजरचे गरम पाणी आणि टाकीच्या पोटातला थर

नोव्हेंबर लागला की नाशिकच्या घराघरांत गरम पाण्याची चर्चा सुरू होते. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली जातो त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चावते. घरात वडीलधारी माणसे असतील तर फजरच्या आधी गरम पाणी लागतेच. पालकसभा संपल्यावर मुलांच्या अभ्यासाइतकाच हा प्रश्नही भगिनी मला विचारू लागल्या आहेत: सोलर घ्यावा की मोठा गीझर? आणि कोणत्या कंपनीचा?

मी भाषा शिकवते, विज्ञान नव्हे. पण आमच्या विज्ञानाच्या सरांना कागद-पेन घेऊन बसवले आणि बरेच काही कळले.

पहिली गोष्ट वेळेची. सोलरचे पाणी तापते दुपारी आणि आपल्याला लागते पहाटे साडेपाचला. म्हणजे संध्याकाळी पाचपासून बारा-साडेबारा तास, तेही उघड्या गच्चीवर, त्या टाकीने ऊब धरून ठेवायची असते. दुपारी पाणी किती कडक तापते हे दुकानदार कौतुकाने सांगतो. आपण विचारायचे ते पहाटेचे. ज्यांच्याकडे तोच सोलर चार-पाच वर्षे आहे त्यांच्या घरी जाऊन विचारा, फजरला पाणी कसे असते? या एका उत्तरात सारी जाहिरात तपासून होते.

ऊब धरतो तो आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामधला थर. चांगल्या टाकीत तिथे पफ असतो, म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस, जो द्रवरूपात ओतला की फुगून घट्ट बसतो. स्वस्त मालात काचेची लोकर किंवा थर्माकोल असतो. पाच सेंटिमीटर पफ जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काचेच्या लोकरीचा साधारण आठ सेंटिमीटरचा थर लागतो. शिवाय लोकरीत पाणी शिरले की ती निकामी होते, आणि आपल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीत कुठून ना कुठून पाणी शिरतेच. तेव्हा ‘इन्सुलेशन आहे ना?’ एवढे विचारून थांबू नका. कशाचे आणि किती मिलिमीटर, ते बिलावर लिहून घ्या. सोलरच्या टाकीला 50 मिलिमीटर पफ मागावा. बोटाने टाकी ठोकून पाहा. एका जागी भरीव आणि दुसऱ्या जागी पोकळ आवाज आला तर फेस सारखा पसरलेला नाही.

नळ्यांचेही तसेच. काचेच्या दुहेरी नळ्यांमध्ये निर्वात पोकळी असते, अगदी आपल्या चहाच्या थर्मासासारखी. नळीच्या बंद टोकाशी चंदेरी डाग दिसतो. तो पांढरा पडला की हवा आत शिरली, नळी बाद. हे तपासायला दमडी लागत नाही, तरी बसवणारा माणूस समोर असताना कोणी पाहत नाही! बोअरचे जड पाणी असेल तर या नळ्या बऱ्या, कारण तांब्याच्या पातळ नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये क्षार लवकर साचतात.

आता विजेचा गीझर. चाकणचा रॅकोल्ड, केरळचा व्ही-गार्ड, अमेरिकेचा ए. ओ. स्मिथ, बजाज, क्रॉम्प्टन अशी नावे दुकानात ओळीने टांगलेली असतात. नावावर भांडण्यापेक्षा ताऱ्यांचे लेबल वाचा. साठवणीच्या गीझरवरचे तारे पाणी किती लवकर तापते हे सांगत नाहीत. तापलेले पाणी नुसते ठेवले तर 24 तासांत किती युनिट वाया जातात, ते सांगतात. तो आकडा लेबलावर छापलेला असतो, जितका लहान तितका थर चांगला. समजा दोन गीझरमध्ये 0.3 युनिटचा फरक आहे आणि गीझर दिवसरात्र चालू राहतो, तर वर्षाला शंभरावर युनिट गेले. पण तुम्ही बटण दाबून, पाणी तापवून लगेच वापरत असाल, तर जास्त ताऱ्यांसाठी मोजलेले पैसे फारसे वसूल होत नाहीत. सकाळी एकापाठोपाठ एक सहा माणसे उठणाऱ्या घरात मात्र ते वसूल होतात.

सरांचा हिशेब असा: 20 अंशांचे 25 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायला सुमारे 1.2 युनिट लागतात, दोन किलोवॉटच्या गीझरला पस्तीसेक मिनिटे. शंभर लिटरला साडेचार युनिटच्या वर. स्वच्छ उन्हाच्या दिवशी सोलर एवढी वीज वाचवतो.

जुन्या नाशकात गोष्ट वेगळी आहे. वाड्यांच्या कौलांवर सोलर चढवायचा विचारही करू नये, दोनशे लिटरची टाकी भरली की दोनशे किलो नुसते पाणीच होते. तिथे गीझर बरा. ज्यांच्या घरी भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा बंब अजून शाबूत आहे, त्यांनी तो अंगणात जपून वापरावा, मोडीत काढू नये.

गॅस गीझरबद्दल मात्र मी सौम्यपणे लिहिणार नाही. बंद न्हाणीघरात तो लावून आपल्या राज्यात, नाशिकमध्येही, माणसे गेली आहेत. ज्वाला खोलीतला प्राणवायू खाते, कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत गेलेल्या मुलीला चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. गीझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच घ्या, नाहीतर दोन हजार वाचतात म्हणून घेऊ नका. बादलीत सोडायचा विजेचा रॉडही मुले असलेल्या घरात नको.

राहिला नळाचा पाइप. गच्चीपासून मोरीपर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात सहाएक लिटर पाणी रात्रभर थंड होऊन बसते. वुजूसाठी नबी करीम (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आत पाणी वापरत असे हदीसमध्ये आहे, आणि आपण ऊन पाणी येईपर्यंत सहा लिटर गटारात सोडतो. पाइपला फोमची नळी चढवा, पण पहाटेपर्यंत तीही पुरत नाही. त्या थंड पाण्याखाली बादली लावा, कपड्यांना होते. आणि वुजूच्या जागी भिंतीवर तीन लिटरचा छोटा गीझर बसवा. अम्मी-अब्बांना दोन मिनिटांत कोमट पाणी मिळते आणि गच्चीवरची शंभर लिटर ऊब अंघोळीसाठी राहते.