फ्रेंच येत नाही, तरी मदत करता येते

मुले मोठ्या वर्गात गेली, की दप्तरात एखादे पुस्तक असे येते, जे घरात कोणालाच वाचता येत नाही. काही शाळा तिसऱ्या भाषेसाठी फ्रेंचचा पर्याय देतात. ‘मार्क चांगले मिळतात’ असे कोणीतरी सांगते आणि आपण फॉर्मवर खूण करतो. मग पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ आले, की घरात दोनच उपाय सुचतात. रागवायचे, नाहीतर शिकवणी लावायची. अम्मी म्हणते, “मला इंग्रजीच जेमतेम येते, फ्रेंच कुठून शिकवू?”

शिकवायचे नाहीच, ते काम बाईंचे. घराचे काम वेगळे आहे आणि आपल्या घरांना ते चांगले जमण्यासारखे आहे. ज्या घरात मराठी आणि उर्दू, किंवा कोकणी, बोलली जाते आणि मुलाने मकतबात अरबी वाचायला घेतलेले असते, तिथे परक्या भाषेशी कसे वागावे याची अर्धी तालीम त्याची आधीच झालेली असते. फक्त शाळेत फ्रेंच इंग्रजीतून समजावली जाते, म्हणून त्याला ते आठवत नाही. आठवण घरातून द्यावी.

पहिली अडचण लिंगाची. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असते. इंग्रजीतून विचार करणारे मूल गोंधळते, कारण तिथे टेबलाला लिंग नाही. त्याला विचारा, “आपण पुस्तक ते म्हणतो, मग उर्दूत किताब अच्छी का म्हणतो?” पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, किताब उर्दूत स्त्रीलिंगी, तर फ्रेंचमधले ‘लिव्र’ पुल्लिंगी. अरबीत शम्स म्हणजे सूर्य स्त्रीलिंगी आणि कमर म्हणजे चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये नेमके उलटे. प्रत्येक भाषेची आपली रीत असते, हे दोन भाषांच्या घरातल्या मुलाला पटवून द्यावे लागत नाही. ‘छोटा मुलगा, छोटी मुलगी’ यात विशेषण बदलते, तसे ते फ्रेंचमध्येही बदलते. मात्र एक शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. नाम एकटे पाठ करू नये, त्याच्या आधीच्या ‘ल’ किंवा ‘ला’सकट करावे. वहीत पुल्लिंगी शब्द निळ्या आणि स्त्रीलिंगी लाल शाईने लिहिले, तर डोळ्यांनाही सवय लागते.

दुसरी गोष्ट अदबीची. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. फ्रेंचमध्ये मित्राला ‘त्यू’ आणि बाईंना किंवा अनोळखी मोठ्यांना ‘वू’. ज्या मुलाला लहानपणापासून ‘दादींना आप म्हण’ असे सांगितले गेले आहे, त्याला हा धडा नवा नाही.

उच्चारांचेही तसेच. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, ऐकायला तो ‘ग़ैन’च्या जवळचा. शब्दाच्या शेवटी नाकातून निघणारा स्वर ‘जहाँ’मधल्या नून गुन्नासारखा. मुलगी वर्गात हा ‘र’ काढायला लाजत असेल, तर तिला मखरजची आठवण करून द्या. फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजने लिहितात, पण पुष्कळदा बोलत नाहीत. शेवटी ‘एस’ लिहूनही पॅरिसचा उच्चार ‘पारी’ होतो. मराठी वाचणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण ‘अश्शम्स’ लिहिताना त्यात लाम असतो आणि वाचताना नसतो, हे मुलाने पाहिलेले असते. अक्षरांवरच्या लहान रेघा शोभेच्या नाहीत. ‘ऊ’ या शब्दावर रेघ नसेल तर अर्थ ‘किंवा’, असेल तर ‘कुठे’. आपल्याकडे काना-मात्रा चुकली तर गुण जातात, तसे तिथेही जातात.

आकडे साठपर्यंत सरळ चालतात. पुढे सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. मुले इथे हमखास अडतात. घरात विसांनी मोजणाऱ्या जुन्या बाई असतील, तर मुलाला त्यांच्याजवळ बसवा. ‘चार विसा म्हणजे ऐंशी’ हे त्या एका मिनिटात समजावतील.

आता रोजची रीत. मकतबात नवा सबक मिळतो आणि मागचा आमोख्ताही ऐकवावा लागतो. परकी भाषा टिकते ती याच रीतीने. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पाच नवे शब्द मोठ्याने म्हणायचे, एकदा न बघता लिहायचे, मग गेल्या आठवड्यातले दहा ऐकवायचे. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे बरे. पहिल्या वर्षी ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या अर्थांची दोन क्रियापदे सर्व पुरुषांत पाढ्यांसारखी पाठ हवीत. वय सांगायलाही दुसरे क्रियापद लागते. ‘मी अकरा वर्षांचा आहे’ याला फ्रेंच माणूस ‘माझ्याजवळ अकरा वर्षे आहेत’ असे म्हणतो.

ऐकणाऱ्याला फ्रेंच येण्याची गरज नाही. वही हातात घ्या, मराठी शब्द विचारा, मुलाने फ्रेंच सांगावा आणि पाटीवर लिहावा. अक्षरे वहीशी जुळतात का, एवढे कोणालाही दिसते. उच्चार मात्र बाईंकडून किंवा पुस्तकासोबतच्या ध्वनिमुद्रणातूनच घ्यावा, अंदाजाने नको. आणि आठवड्यातून एकदा मुलाला शिक्षक करा. “सलाम-दुआ झाल्यावर ते हालचाल कशी विचारतात, मला शिकव,” असे अम्मीने म्हटले, की मूल ताठ बसते. आपण चुकलो की त्याला हसू येते, आणि मग वर्गात स्वतः चुकण्याची भीतीही कमी होते.

मोबाइलला वाक्य सांगून गृहपाठ उतरवू देऊ नये. वही भरते, जीभ मुकी राहते. इंग्रजीशी दिसणाऱ्या साम्यावरही भिस्त नको; फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचे दुकान.

मुले विचारतात, “याचा उपयोग काय?” त्यांना मार्कांपलीकडचे काही सांगा. फ्रेंच एकट्या फ्रान्सची नाही. सेनेगलची ती राजभाषा आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात ती सर्रास चालते. हैदराबादेत 1908 साली जन्मलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह पॅरिसला राहिले आणि त्यांनी कुरआनचा फ्रेंच अनुवाद केला, तो 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. ते उर्दूच्या वातावरणात वाढले होते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने शाळेत मराठी सक्तीची आहे, इंग्रजी तर असतेच. म्हणून फ्रेंच घेतली की बहुधा उर्दू किंवा हिंदी वेळापत्रकातून निघते. ज्या घरात उर्दू निघाली असेल, तिथे तिची दहा मिनिटे घरीच राखावीत. मुलगी फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख करून देते आणि नानीची चिठ्ठी तिला वाचता येत नाही, असा सौदा आपल्याला करायचा नाही. शिवाय 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात. म्हणून हा विषय आपल्या शाळेत दहावीपर्यंत चालणार का, हे आत्ताच मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

वर्षाच्या अखेरीस मुलाने स्वतःबद्दल, घराबद्दल पाच-सहा वाक्ये न अडखळता सांगितली, घड्याळ आणि आकडे सांगितले, साधा परिच्छेद वाचला, तर वर्ष चांगले गेले असे समजावे. गुणपत्रिका त्यानंतर उघडावी.