फिट आली की चप्पल नको, घड्याळ पाहा



मुलाला फिट आली की आजही कुणीतरी चप्पल नाहीतर कांदा घेऊन धावतं. कुणी म्हणतं, "बाहेरचं असेल." दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं. खरं तर बहुतेक फिट तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात.

मग फिट येते कशी? उंदरांच्या काही जाती अशा आहेत, की मोठी घंटा वाजली की ते सैरावैरा पळतात आणि त्यांना झटके येतात. शास्त्रज्ञांनी याचं मूळ मध्यमेंदूत शोधलं. कानाकडून आलेले आवाजाचे संदेश तिथल्या इन्फिरिअर कॉलिक्युलस या केंद्रात गोळा होतात. मेंदूच्या पेशी रसायनांतून बोलतात. ग्लुटामेट म्हणतं 'चल', गाबा म्हणतं 'थांब'. या उंदरांच्या त्या केंद्रात गाबाचा ब्रेक कमी पडतो आणि ग्लुटामेटचा जोर वाढतो. तिथे गाबाचं काम वाढवणारं औषध दिलं, की झटके रोखता येतात. यात भूत कुठे आलं?

माणसात नुसत्या आवाजाने फिट येणं दुर्मिळ आहे. पण ब्रेक आणि जोराचा हा हिशेब आपल्या मेंदूतही आहे. अपस्मार असलेल्या मुलांत तो बिघडायला चुकलेली गोळी, जागरण, ताप पुरेसा असतो. काहींना लुकलुकणारे दिवेही चालत नाहीत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात यात्रा-जत्रा, वराती, डीजे काही कमी नाहीत. पाथर्डी तालुक्यातली मढीची यात्राच होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. मुलांना यात्रेला जरूर न्या, पण गोळी आणि झोप चुकवू नका. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नको, हा नियम २००० सालापासून आहे. तो पाळायला गावाने अडून बसावं.

वर्गात फिट आली तर:

१. घड्याळ पाहा.
२. आजूबाजूच्या वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा.
३. मुलाला कुशीवर वळवा.
४. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
५. झटके ५ मिनिटांच्या पुढे गेले, लागोपाठ आले किंवा पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.

पालकहो, लेकराचा आजार शाळेपासून लपवू नका. आणि गुरुजनहो, सांगितलेलं गावभर करू नका. फिट येते म्हणून मुलीची शाळा सुटली, तर तो दोष मेंदूतल्या रसायनांचा नाही, आपला आहे.