डिझेल गाडीच्या इंजिनात फेरफार : नफा किती, नुकसान किती?

कापडाच्या उधारी-वसुलीसाठी आम्हाला महिन्यातून दोन-तीन वेळा घोडेगाव, सोनई व शनिशिंगणापूरला जावे लागते. शिंगणापूरच्या दुकानांतून काळ्या कापडाला बारमाही मागणी असते आणि शनि अमावास्येच्या आधी ती कैक पटीने वाढते. या गावच्या घरांना दारे नाहीत ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली होती. आज मात्र आम्हाला दुसऱ्याच कुलपाविषयी लिहायचे आहे. हे कुलूप कंपनीने डिझेल गाडीच्या इंजिनाला घातलेले असते आणि ते उघडून देणाऱ्यांचा धंदा सध्या जोरात आहे.

शिर्डी ते शिंगणापूर हे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. या मार्गावर भाविकांची ने-आण करणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या पुष्कळ आहेत. गेल्या महिन्यात ओळखीचा एक टॅक्सीवाला दुकानी आला व म्हणाला, "शेठ, वीस हजार कर्जे-हसना द्या. इंजिनाला डबा बसवतो. पिकअप वाढेल, ॲव्हरेज दहा टक्के वाढेल, वर्षात तुमचे पैसे परत." गाडीचे हप्ते थकलेले, मुलीच्या शाळेची फी बाकी, अशी त्याची अवस्था. कर्जे-हसना देणे हे सवाबाचे काम आहे यात शंका नाही. परंतु ज्या कामासाठी रक्कम मागितली जाते त्या कामात बरकत आहे की नाही, हे पाहणे देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. म्हणून आम्ही त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली व हिशोबाला बसलो.

प्रथम इंजिनाचे गणित समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते व त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ताकद वाढवायची तर डिझेल जास्त फवारले पाहिजे आणि ते पूर्ण जळण्यासाठी हवाही जास्त दिली पाहिजे. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढविले, तर काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे आपल्या खिशातले न जळलेले पैसे. जुन्या बिनटर्बोच्या गाड्यांचे "पंप वाढवून" देणारे मिस्त्री नेमके हेच करतात. अशा गाडीला त्यातून धुराशिवाय फारसे काही मिळत नाही.

टर्बोच्या व कॉमन रेलच्या गाड्यांचे प्रकरण वेगळे आहे. तेथे हवेचा दाब व डिझेलचा फवारा हे दोन्ही संगणक ठरवितो. त्याचा कार्यक्रम बदलला किंवा मध्ये डबा जोडून त्याला चुकीची खबर दिली, तर ताकद खरोखर वाढते. हे आम्ही नाकारत नाही. डबेवाले एक दाखला हमखास देतात. फियाटचे मूळ असलेले १२४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, जे आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनत असे, ते स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे होते आणि अर्टिगामध्ये ९० चे. "एकच इंजिन आहे, तर तुमच्या गाडीतले पंधरा घोडे कंपनीने बांधून ठेवले आहेत," असे ते म्हणतात. बोलणे ऐकायला गोड आहे, पण अर्धेच खरे आहे. ९० वाल्या इंजिनाचा टर्बो वेगळा होता. त्याची पाती वेगानुसार कोन बदलत. ७५ वाल्याचा टर्बो साधा. लहान टर्बोकडून मोठ्याचे काम घेतले, तर तो जास्त फिरतो, जास्त तापतो आणि लवकर बसतो. त्याच्यामागे क्लच प्लेटही येते.

कंपनी काही वाव राखून ठेवते हे खरे. पण तो वाव उन्हाळ्यातील आपल्या नगरी उन्हासाठी, भेसळीच्या डिझेलसाठी, उशिरा बदललेल्या ऑइलसाठी व धुराच्या कायद्यासाठी असतो. पाच प्रवाशांच्या गाडीत आठ बसवून घाट चढविणारा आपला माणूस तो वाव आधीच खाऊन बसलेला असतो.

आता ॲव्हरेजचा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः ही चूक केली आहे. पुतण्याच्या आग्रहाने एका शहरातील दुकानातून आमच्या डिझेल गाडीला डबा बसविला. समोरच्या काट्यावर अठराचे ॲव्हरेज साडेवीस दिसू लागले आणि घरात आनंदीआनंद झाला. पण धंद्याची सवय म्हणून आम्ही टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर लिहून ठेवले. पाच टाक्यांची सरासरी साडेसतरा निघाली! हे कसे, तर गाडीचा संगणक ॲव्हरेज मोजतो ते त्याने स्वतः हुकूम केलेल्या डिझेलवरून. डबा त्याला दाब कमी असल्याची खोटी खबर देतो. तो दाब वाढवितो. नोझलमधून जास्त डिझेल जाते, पण संगणकाच्या वहीत ते नोंदलेच जात नाही. म्हणजे ज्याने खर्च वाढविला त्यानेच हिशोबाची वही बदलली.

आम्ही कापडवाले आहोत. गज आखूड केला म्हणून थान लांब होत नाही, हे आम्हाला सांगावे लागत नाही. माप-तोलात कमी करणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे. डबा विकणाऱ्याने ग्राहकाला काट्यावरचे ॲव्हरेज दाखविणे हाही आमच्या मते माप मारण्याचाच प्रकार आहे, मग तो जाणूनबुजून असो की अज्ञानाने.

आठ महिन्यांनी मालाने भरलेली गाडी घाटात असताना आमचा क्लच घसरू लागला. त्याचा सारा दोष डब्यावर टाकणे इन्साफाचे होणार नाही. गाडी जुनी होती. पण डबा काढल्यावर गाडी पुन्हा अठराच्या घरात आली, हेही तितकेच खरे. हलक्या पायाने चालविणाऱ्याला वरच्या गिअरमध्ये लवकर जाता येते व थोडी बचत होऊ शकते, हे मान्य. परंतु ताकद हाती आल्यावर पाय हलका ठेवणारे चालक किती? ज्याने पिकअपसाठी पैसे मोजले, तो पिकअप वापरणारच.

त्या टॅक्सीवाल्याचा हिशोब असा. वर्षाला ३०,००० किलोमीटर, ॲव्हरेज १८, म्हणजे सुमारे १,६६७ लिटर. डिझेल ९० रुपये धरा. खरोखर दहा टक्के वाढ झाली, तर १५१ लिटर म्हणजे साधारण १३,६०० रुपये वाचतील. म्हणजे दाव्याप्रमाणे सगळे घडले तरी वीस हजार फिटायला दीड वर्ष लागेल, एक नव्हे. वाढ तीन टक्के झाली, तर वर्षाला ४,४०० रुपये. साडेचार वर्षे गेली. आणि आमच्यासारखे साडेसतरावर आले, तर उलट वर्षाला चार हजारांहून अधिक भुर्दंड. क्लच व टर्बोचा खर्च यात धरलेलाच नाही.

जुने लोक म्हणतील की आमच्या काळी गॅरेजात ॲम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवीत व त्यात लोकांनी कमावले. बरोबर आहे. पण ती कमाई डिझेल व पेट्रोलच्या भावातील मोठ्या फरकाची होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव मोकळे केले आणि तो फरक पूर्वीसारखा राहिला नाही. जुन्या नफ्याच्या आठवणीवर नवा सौदा करू नये.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परवानगीवाचून करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. प्रवासी गाडीच्या बाबतीत ही बाब क्षुल्लक नाही. मागे बसलेली माणसे ही चालकाजवळ अमानत असतात.

यावर उपाय नाही असे नाही. सीएनजीच्या किटसाठी मान्यतेची व परिवहन कार्यालयात नोंद करून घेण्याची पद्धत आहेच. वाहनांच्या चाचण्या करणारी व्हीआरडीई ही संस्था आपल्या नगरलाच आहे आणि एआरएआय पुण्याला. ज्याचा आपल्या डब्यावर विश्वास आहे, त्याने तेथे चाचणी करून ताकद, ॲव्हरेज व धूर या तिन्हींचे आकडे लेखी आणावेत. सरकारनेही अशा मालाला मान्यतेची सक्ती करावी. तोपर्यंत ग्राहकाने हात आखडता ठेवणे शहाणपणाचे.

आठ दिवसांनी टॅक्सीवाला आला, तेव्हा आम्ही त्याला कागदावरचे आकडे दाखविले. तो नाराज झाला. मग त्याच्याच मिस्त्रीला बोलावून नोझल तपासणी, हवेचा फिल्टर, दोन टायर व चाकांची अलाइनमेंट यांचा अंदाज काढला आणि तेवढी रक्कम कर्जे-हसना म्हणून दिली. एक अट घातली : दर टाकीला किलोमीटर वहीत लिहायचे व शंभरऐवजी ऐंशीने गाडी चालवायची. शंभरवरून ऐंशीवर आले की वाऱ्याचा विरोध एक तृतीयांशाहून अधिक घटतो, आणि त्यासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

पहिल्या तीन टाक्यांची नोंद त्याने आणून दाखविली आहे. एकोणीसच्या थोडे वर आहे. तीन टाक्यांवरून निकाल देणे घाईचे होईल, म्हणून आम्ही अजून काही म्हणत नाही. पण या वेळी वही खरी आहे. आमच्या व्यापारी बांधवांनीही गाडीत पैसा घालण्यापूर्वी एवढे करावे : आधी पाच टाक्या मोजाव्यात, मग सौदा करावा.